वस्तीचा इतिहास लिहिणारे वसंत मून

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्या घरात रेडिओ आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आजोबांच्या मिलच्या बोनसवर. आजी भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "सारं सांगते हा डब्बा, आपल्या मोहल्ल्याचं काऊन नाही सांगत?"

आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते कागदावर. दिले कालकथित वसंत मून यांनी.

मून १९३२ साली नागपुरात जन्मले. महारपुऱ्यात आईच्या कष्टावर वाढले, शिकले, सरकारी अधिकारी झाले. १९७८ पासून महाराष्ट्र शासनातर्फे त्यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांच्या खंडांचे संपादन केले. पहिला खंड १९७९ साली निघाला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. मध्यप्रांत-वऱ्हाडात बाबासाहेबांच्या आधी झालेल्या चळवळीचा इतिहास त्यांनी १९८७ साली पुस्तकरूपाने दिला. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी 'विटाळ विध्वंसक' आणि 'मजूर पत्रिका' अशी पत्रे काढली, हे आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते. आम्हाला भोसल्यांची घराणी पाठ!

बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे ते म्हणाले. आज ते आपल्याला वाचता येते, कारण कोणीतरी ते छापून ठेवले.

१९९५ साली मून यांचे 'वस्ती' आले. बाबा रोज रात्री आजीला त्यातली दोन-चार पाने वाचून दाखवत. साधी माणसे, आखाडे, समता सैनिक दल, उपासमार आणि त्यातही हसणे. आजी ऐकता ऐकता बाबांना थांबवायची. "हे बराबर हाय. पण आता माह्यं लिव."

बाबांनी माझी शाळेची अर्धी कोरी वही घेतली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, तेव्हा २० तारखेला महिलांची वेगळी परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आजी तिथे गेली होती, कडेवर माझ्या मोठ्या आत्याला घेऊन. पावसाने लुगडे ओले, पोटात सकाळची शिळी भाकर. बाबासाहेब बायांना काय म्हणाले ते तिला शब्दशः आठवत नव्हते. "स्वच्छ ऱ्हा, पोरं शिकवा," एवढे तिने धरून ठेवले होते, आणि तेवढ्यावर चार लेकरे शिकवली.

मून २००२ साली गेले, आजी त्याआधीच. वही माझ्याकडे आहे. आमच्या मोहल्ल्यातून त्या दिवशी सात बाया पायी गेल्या, असे बाबांनी लिहिले आहे. नावे दोघींचीच. बाकीच्या पाच जणी अमक्याची माय, तमक्याची सासू अशाच नोंदल्या आहेत. रविवारी म्हाताऱ्या माणसांकडे वही घेऊन जातो. आतापर्यंत एक नाव सापडले आहे.