कन्नौजचा गुलाब आणि आपले घ्राणेंद्रिय

कानपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, गंगेच्या परिसरात कन्नौज वसले आहे. सातव्या शतकात ही सम्राट हर्षवर्धनाची राजधानी होती. आज ते अत्तराचे गाव आहे. वाचकहो, कधी तेथे जाल तर एखाद्या जुन्या कारखान्यात अवश्य डोकवा.

तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे ‘देग’मध्ये, पहाटे खुडलेली गुलाबाची फुले आणि पाणी घालतात. झाकण माती व कापसाने लिंपून बंद करतात. खाली मंद आच असते. वाफ बांबूच्या नळीतून, ‘चोंग्या’तून, पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या ‘भपक्या’त उतरते. भपक्यात चंदनाचे तेल असते. तेच गंध धरून ठेवते. भपका किती तापला हे कारागीर केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखतो. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात!

या प्रवासात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई सोबत होती. कारागिराने तिच्या मनगटावर अत्तराचा थेंब लावला. तिने हुंगले आणि म्हणाली, ‘‘अगं, याला वास कुठे आहे?’’ त्या क्षणी मला आठवले, की गेल्या काही महिन्यांत घरी दोनदा दूध करपले होते आणि तिला कळलेही नव्हते. आम्ही तो विसराळूपणा मानला होता. मी डॉक्टर असूनही तिच्या नाकाची चौकशी केली नव्हती.

वयाबरोबर वासाची जाणीव मंदावते. सायनसचे विकार, विषाणुसंसर्ग, काही औषधे ही कारणेही असू शकतात. पार्किन्सन्सच्या आजारात तर कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी हे लक्षण दिसू शकते. वास गेला की जेवणाची गोडी जाते, शिळे अन्न ओळखू येत नाही, गॅसची गळती कळत नाही. म्हणून घरातील ज्येष्ठांना अधूनमधून विचारा, ‘‘वास येतो ना?’’ नकार आला तर तपासणी करून घ्या आणि स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवा.

जर्मनीतील डॉ. थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये एक साधा सराव मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार गंध सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी सुमारे दहा सेकंद, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही. परंतु अनेकांना लाभ होतो.

यातला गुलाब घरीच काढता येईल. फवारणी न केलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या धुऊन पातेल्यात घाला व बुडतील इतके पाणी ओता. मध्ये तिवईवर रिकामी वाटी ठेवा. वर खोलगट झाकण उलटे ठेवून त्यात बर्फ घाला. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत वाटीत गुलाबपाणी ठिबकू लागते. ते स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. मोगरा मात्र असा उकळू नये. उष्णतेने त्याचा नाजूक गंध बिघडतो. खुडल्यावरही तो दरवळत राहतो, म्हणून पूर्वापार त्याची फुले तिळांवर पसरून गंध तिळांत मुरवीत.

वाफेचे झाकण ज्येष्ठांना उचलू देऊ नका. दम्याच्या रुग्णांनी तीव्र गंध टाळावा. हे पाणी डोळ्यांत घालू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापासून निलगिरी तेलाची बाटली कुलपात ठेवावी; ते पोटात गेल्यास विषबाधा होते.

आईचा सराव आता तिसऱ्या महिन्यात आहे. लवंग तिला ओळखता येते. गुलाब अजून नाही. तरीही रोज सकाळी ती स्वतःच पाकळ्या निवडायला बसते.