टोकाची जागा

आमच्या मुलाला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द तसा फसवा आहे, कारण बाहेरचा प्रत्येक आवाज त्याला आमच्यापेक्षा जास्त ऐकू येतो. मशिदीत तो सफच्या टोकाला, भिंतीकडेला उभा राहतो. दोन्ही खांद्यांना माणसं लागली की त्याचं चित्त उडतं. इमामसाहेबांनी ती जागा त्याच्यासाठी धरून ठेवलेली असते. बारावीनंतर कॉलेज शोधताना आम्ही अशीच टोकाची जागा शोधत होतो.

खाला म्हणाल्या, "फॉर्मवर लिहू नका. घरात मुलगी आहे, उद्या स्थळं येतील." ही काळजी आमच्याही मनात होती. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट असते. बारावीला तीन तासांच्या पेपरला तासभर जादा मिळाला तोही या कागदामुळेच. लपवायचं तर हे सगळं सोडायचं. शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "भाईला लपवून जमणारं स्थळ मला नको." विषय तिथेच मिटला.

पहिलं कॉलेज मोठ्या शहरातलं, नावाजलेलं. प्राचार्य अदबीनं बोलले, "आमच्याकडे सगळ्यांना समान वागणूक असते." याच वाक्यानं आम्ही धास्तावलो. दुसऱ्या कॉलेजात समुपदेशन कक्षाची पाटी होती, दाराला कुलूप होतं आणि खिडकीतून आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दिसत होते.

तिसरं छोटं, अनुदानित, एसटीनं चाळीस मिनिटांवर. तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमनी आम्हाला काही विचारलं नाही, थेट त्याला विचारलं, "तुला वर्गात कुठे बसायला आवडेल?" तो पंख्याकडे बघत राहिला. आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मागच्या दाराजवळ." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आमचे प्रश्न आम्ही कागदावर नेले होते. तासाची खोली ऐनवेळी बदलली तर त्याला कोण सांगणार? गॅदरिंगच्या गोंगाटात तो कुठे बसेल? तोंडी परीक्षेत नजरेला नजर देत नाही म्हणून गुण जाणार का? शेवटच्या प्रश्नावर मॅडम म्हणाल्या, "विद्यापीठाला विचारून सोमवारी सांगते." सोमवारी खरंच फोन आला. जे माहीत नाही ते विचारून सांगणारं माणूस मिळणं आम्हाला लिफ्ट आणि वातानुकूलित ग्रंथालयापेक्षा मोलाचं वाटलं. नातेवाईकांना अजून वाटतं, पोराची हुशारी वाया घालवली.

आता बी.कॉम.चं पहिलं सत्र संपत आलंय. सकाळची ७.१० ची एसटी तो चुकवत नाही. उशिरा आली तर मात्र चिडतो, आणि किती मिनिटं उशीर झाला ते आम्हाला रात्री पुन्हा ऐकावं लागतं. खोली बदलली की मॅडमचा मोबाईलवर मेसेज येतो. कँटीनचा गलका सोसत नाही, म्हणून जिन्याखाली बसून डबा खातो. मित्र अजून एकही नाही. एक मुलगा त्याची अकाउंट्सची वही नेतो आणि ठरल्या दिवशी परत आणून देतो. परवा वहीबरोबर त्यानं दोन खजूरही दिले.