रेवदंड्याच्या खाडीतली शिकवणी

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुटली की तासाभरात मांडवा येतं. २०२० साली ही बोट सुरू झाली आणि मुंबईकरांचा वडखळचा वळसा टळला. गाडी बोटीच्या पोटात ठेवून आम्ही वर येऊन बसलो होतो. सोबत नवरा, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. पाचही जणांना कयाक वल्हवायला शिकायचं होतं आणि पाचांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. म्हणून या सहलीची तयारी बॅगा भरण्याच्या कितीतरी आधी, शिकवणारा माणूस शोधण्यापासून सुरू झाली होती.

अलिबागपासून काशीदपर्यंत किनाऱ्यावर फेऱ्या भरपूर मिळतात. बनाना राइड, जेट स्की, पॅरासेलिंग. पाच-दहा मिनिटं बसायचं, ओरडायचं, उतरायचं. त्यात मजा आहे, पण पाण्याशी आपली ओळख काही होत नाही. आमच्या शेजारचं कुटुंब गुलमर्गला स्कीइंग शिकून आलं. तिथे केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, खाजगी शिक्षकही आहेत. शेजारच्या मुलांचा पहिला दिवस सपाट बर्फावर नुसतं पडण्यात आणि उठण्यात गेला. ते ऐकल्यापासून मनात होतं की बर्फावर पाऊल टाकण्याआधी पडायला शिकवतात, मग समुद्रात उतरण्याआधी गटांगळी खायला का शिकवू नये?

कयाक शिकवणाऱ्यांना फोन करताना मी तेच तीन प्रश्न विचारत असे. एका शिक्षकामागे किती जण? लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का? कयाक उलटली तर काय करायचं, हे केव्हा शिकवता? बहुतेकांचं उत्तर एकच, ‘काही होत नाही ताई, बिनधास्त या.’ हे ऐकलं की मी आभार मानून फोन ठेवायचे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली डझनाहून अधिक मुलं बुडाली. ती बातमी वाचलेल्या आईला ‘काही होत नाही’ हे उत्तर पुरत नाही.

रेवदंड्याच्या एका शिक्षकाने मात्र माझ्या प्रश्नांआधी स्वतःचा प्रश्न विचारला, ‘येताय कधी?’ पौर्णिमेला जोडून आलेला शनिवार-रविवार मी सांगितला. ‘पुनवेला नको. उधाणाचं पाणी नवख्यांना झेपत नाही. एकादशीला या.’ मुलांची शाळा बुडणार होती, तरी मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

नवरा मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधत बसला, तेवढ्यात सासूबाईंनी हिशेब सांगून टाकला. त्यांचं माहेर श्रीवर्धनचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. द्वादशीला नऊ. रोज पाऊण तास पुढे. मिनिटांचा फरक पडतो, पण आमची शिकवणी बेतायला तेवढं पुरेसं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इथे पाणी खूप चढतं आणि तेवढंच ओसरतं. खाडीच्या अरुंद तोंडातून ते सगळं सहा-सहा तासांत आत-बाहेर करतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, तो जोर पुष्कळ कमी असतो. एकादशीला तो वाढू लागलेला असतो, पण अजून आटोक्यात असतो.

मांडव्याहून अलिबाग, नागाव, चौल करत रेवदंड्याला पोचलो. ही कुंडलिकेची खाडी. भिऱ्याला वीज तयार करून सोडलेलं जे पाणी कोलाडला राफ्टिंगच्या तराफ्यांना पळवतं, तेच रोह्यावरून संथ होत इथे समुद्राला मिळतं. मुखाच्या उत्तरेला रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेला कोर्लईचा किल्ला, दोन्ही १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. कोर्लईत आजही काही कुटुंबं पोर्तुगीजातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. किल्ला बघायचा राहिला, त्याचं मला वाईट वाटतं.

सकाळी सातला काठावर. आमच्या शिक्षकांनी, म्हणजे दादांनी, आधी जॅकेटं चढवली आणि प्रत्येकाचे खांदे धरून वर ओढून पाहिले. मुलाचं जॅकेट कानापर्यंत आलं. ते बदललं, दोन्ही पायांमधून पट्टा घेऊन आवळलं. मग कमरेएवढ्या पाण्यात नुसतं पाठीवर तरंगायचं. मग मुद्दाम कयाक उलटवायची. वल्हं सोडायचं नाही, कयाक सोडायची नाही, पाय झाडत पोटावर आडवं चढायचं, वळायचं, बसायचं. मुलगी दुसऱ्या खेपेला चढली. नवऱ्याला बराच वेळ लागला आणि दादा एकदाही घाई म्हणाले नाहीत. सासूबाईंनी पंजाबी ड्रेसवर जॅकेट घालून हे सगळं केलं. ‘आजी, तुम्ही घाबरत नाही हे चांगलं, पण पाण्याला मान द्या,’ असं दादा त्यांना म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

भरतीचं उरलेलं पाणी आत ओढत होतं, त्याच्याबरोबर आम्ही खाडीत वर सरकलो. दोरी बांधलेली एक होडी मागे होतीच. वल्हं हाताने ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, हे कळायला मला सगळा पहिला दिवस लागला. दुसऱ्या दिवशी ते अंगात उतरलं आणि कयाक पहिल्यांदा सरळ गेली. दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी, मुळांवर खंड्या, काठच्या चिखलात टुणटुणणारे निवटे. पाणी भरून थांबलं तेव्हा आम्ही वळणं घ्यायला शिकलो आणि ओहोटी लागताच तिच्याबरोबर परत आलो. अकराच्या सुमाराला खारे वारे सुटतात, त्याआधी सगळ्यांनी काठावर असलं पाहिजे, हा नियम दादांनी एकदाही मोडला नाही.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीने शेतात पोपटी लावली. भांबुर्ड्याच्या पाल्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा सोलत मुलं उलटलेल्या कयाकचीच चर्चा करत होती.

शेवटच्या सकाळी मुलीने विचारलं, ‘दादा, मुखापर्यंत जाऊ? कोर्लईचा दिवा बघायचाय.’ ते म्हणाले, ‘पोहायला शिकून ये, मग अष्टमीला नेतो.’ तिने रडवेलं तोंड केलं, पण मला त्या नकाराचं फार समाधान वाटलं. घरी आल्यावर त्याच आठवड्यात आम्ही पाचही जणांची नावं तरण तलावावर घातली. सासूबाईंची बॅच पहाटेची आहे.