मॅडमदीदी

माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी एक्स्चेंजवर जपानला गेली. गेली शिकायला, पण आठवड्यातून दोन दिवस तिथल्या एका शाळेत इंग्रजीच्या तासाला मदत करायचं काम तिला मिळालं. त्याच सुमारास, म्हणजे मे महिन्यात, मी सहा आठवड्यांसाठी बुऱ्हाणपूरला गेले. तीही शिकायला आणि इंग्रजीच्या तासाला मदत करायला. ती विमानाने गेली, मी भुसावळवरून जाणाऱ्या गाडीने. रोज रात्री आम्ही एकमेकींना व्हॉइस मेसेज पाठवायचो. तिचं ऐकून घरचे म्हणायचे, "वा, जपान!" माझं ऐकून म्हणायचे, "तिकडे ऊन किती आहे?"

ऊन खूप होतं. पण सांगायचंय ते वेगळंच आहे.

बुऱ्हाणपूर कुठे आहे हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना मी नकाशावर दाखवलंय, म्हणून इथेही सांगते. रावेर मागे पडलं की महाराष्ट्र संपतो आणि पुढे बुऱ्हाणपूर येतं. स्टेशन लालबागला, गाव तिथून थोडं लांब, तापीच्या काठावर. एकेकाळी ही खान्देशची राजधानी. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली. आग्र्याला ताजमहालात नेण्याआधी तिला तापीपलीकडे झैनाबादला दफन केलं होतं. १९५६ साली विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण बुऱ्हाणपूर ज्या निमाडात होतं तो मध्य प्रदेशातच राहिला. लोक मात्र जिथे होते तिथेच राहिले. त्यामुळे आजही इथे घरात मराठी, बाहेर हिंदी, शेजारी उर्दू, असं चालतं. मी ज्या राजपुऱ्यात राहिले तिथल्या काकू एकाच वाक्यात दोन भाषा वापरायच्या आणि त्यांना ते कळायचंही नाही. "अगं, खाना खाऊन घे, नाहीतर थंडा होईल."

क्लास सकाळी सात ते साडेनऊ. दोन खोल्या, एक फळा, एक कुरकुरणारा पंखा, नववी ते बारावीची चोवीस मुलं. शिकवायचे ते सर, निवृत्त शिक्षक. मी त्यांची सहायक. सहायक म्हणजे काय हे पहिल्या दिवशी ना सरांना नीट माहीत होतं, ना मला. त्यांनी माझी ओळख "मॅडम" अशी करून दिली. मुलांनी माझ्याकडे बघितलं, एवढ्या लहान मुलीला मॅडम कसं म्हणायचं असा विचार केला, आणि दोन दिवसांत "मॅडमदीदी" असं नाव पाडलं. मला ते आवडलं. त्या नावात माझी नेमकी जागा होती: फळ्याच्या बाजूला, पण फळ्यासमोर नाही.

काम सोपं होतं. धडा मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा. मैत्रिणीचंही तेच. जपानमध्ये १९८७ पासून सरकारचा एक मोठा कार्यक्रम चालतो. त्यात परदेशी तरुण शाळेतल्या इंग्रजी शिक्षकांचे सहायक म्हणून येतात. हे सहायक स्वतःला गमतीने चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणवतात, असं तिने सांगितलं. तिचे तास सगळ्यांनी उभं राहून, वाकून नमस्कार करून सुरू होतात. शाळेत शिरताना बूट बदलायचे. वर्ग मुलंच झाडतात, जेवण मुलंच वाढतात. आमच्याकडे तास सुरू व्हायचा तो "लाइट है क्या?" या प्रश्नाने.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी निघाली. तिची मुलं 'स्कूल'ला 'सुकूरू' म्हणायची, माझी 'इस्कूल'. 'स्टेशन'चं तिकडे 'सुतेशोन', इकडे 'इस्टेशन'. आम्ही दोघी आधी हसलो आणि मग भाषाविज्ञानाचा पेपर आठवून गप्प बसलो. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर आलं की जपानी जीभ मध्ये स्वर घालते, इकडची जीभ आधी घालते. दोन्ही जिभा आपापल्या नियमाने अगदी शिस्तीत वागत असतात. मी हे मुलांना सांगितलं, जपानी मुलं कसं बोलतात ते करूनही दाखवलं. वर्ग हसून हसून लोळला. नंतर एक मुलगा म्हणाला, "मतलब वो लोग भी हमारे जैसे हैं." त्यानंतर तो धडा वाचायला हात वर करू लागला. 'इस्टेशन' तसंच राहिलं, पण आवाज मोठा झाला.

माझ्या नावाचा प्रश्न जरा जास्त दिवस चालला. माझं आडनाव ऐकून मुलांनी ठरवलं की मी अंग्रेज आहे, निदान अर्धी तरी. ख्रिश्चन म्हणजे घरात इंग्रजी, हे त्यांचं गणित. मी सांगितलं की आम्ही वसईचे, शेती करणारे. घरात कादोडी बोलतो, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. माझ्या आजीला इंग्रजीत सहीसुद्धा करता येत नाही. आडनाव पोर्तुगीज आहे, कारण वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. मग त्यांना 'पाव' हा शब्द मूळ पोर्तुगीज आहे हे सांगितलं, आणि जपानमध्येही ब्रेडला 'पान' म्हणतात, तोही तिथे पोर्तुगिजांकडूनच गेला, हेही सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "तो दीदी, आप अंग्रेज नहीं, पाव हो." पुढचा आठवडाभर मी पाव होते.

हसण्यावारी नेलं तरी ते मनात राहिलं. वसईत माझी मराठी कोणाला खटकत नाही. कॉलेजमध्ये मात्र पहिल्या वर्षी दोघातिघांनी विचारलं होतं, "तू मराठी वाङ्मय मंडळात? तुझं नाव बघून वाटलं नव्हतं." दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या भाषांत, प्रश्न तोच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या गावात केवढा आनंद झाला होता, हे मी राजपुऱ्यात सांगू शकले नाही. सांगायचं कोणाला आणि कुठून सुरुवात करायची?

आता काल आणि उद्याची गोष्ट. सर भूतकाळ-भविष्यकाळ शिकवत होते. हिंदीत 'कल' म्हणजे येस्टरडे आणि 'कल' म्हणजे टुमॉरो, त्यामुळे मुलांची सतत गल्लत व्हायची. "बीता हुआ कल, आनेवाला कल," सर परत परत सांगत होते. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची, बारावीत जाणारी, दहा दिवसांत एक अक्षर न बोललेली. ती वहीकडे बघत हळूच म्हणाली, "काल. उद्या."

मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "लिखो." मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, खाली इंग्रजी शब्द. वर्गातल्या मराठी घरांतल्या मुलांना एकदम उजेड पडला. एका उर्दू बोलणाऱ्या मुलाने लगेच विचारलं, "और परसों को?" मी म्हटलं, "परवा." "कौनसावाला?" "दोन्ही." वर्गात एकच जल्लोष झाला. मराठीचाही कुठेतरी घोटाळा आहे म्हणून सगळे खूश. मग इंग्रजीत त्यासाठी केवढी लांबलचक रचना करावी लागते ते सरांनी सांगितलं, आणि तिन्ही भाषांची बरोबरी झाली.

ती मुलगी त्या दिवशी क्लास सुटल्यावर थांबली. मला "ताई" म्हणाली. वर्गात तीही दीदीच म्हणायची; ताई फक्त आम्ही दोघी असताना. तिचं घर मराठी. लहानपणी शाळेत मराठी शब्द तोंडून गेला की मुली हसायच्या, म्हणून तिने वर्गात बोलणंच कमी केलं. हिंदीत चूक होईल आणि मराठी बाहेर येईल, या भीतीने ती इंग्रजीतही गप्प राहायची. मी कादोडी बोलते हे कळल्यावर तिने विचारलं, "शाळेत हसायचे का तुम्हाला?" मी म्हटलं, "हसायचे. आम्ही शाळेच्या गेटपाशी भाषा बदलायचो." ती म्हणाली, "आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर."

तिला नर्सिंग करायचं होतं. वडील पावरलूमवर काम करतात. बारावीनंतर लग्न की शिक्षण, हे घरात ठरायचं होतं. आईचं म्हणणं, जळगावला नातेवाईक आहेत, तिकडे जा, आपली भाषा आहे. पण तिकडच्या कॉलेजांची माहिती काढली की महाराष्ट्राचं डोमिसाईल आडवं यायचं, आणि तिची कागदपत्रं सगळी मध्य प्रदेशची. जीभ महाराष्ट्राची, पण जिभेचा दाखला कुठे मिळतो? इंदूरचा रस्ता मोकळा होता, पण अभ्यासक्रम इंग्रजीत. वडिलांनी एवढंच म्हटलं होतं, "पहिल्या वर्षाला नापास होऊन परत येणार असशील तर जाऊ नको." म्हणजे आमच्या त्या दोन खोल्यांतलं इंग्रजी हे तिच्यासाठी जाणं किंवा न जाणं होतं.

मग साडेनऊनंतर आम्ही दोघी अर्धा तास जास्त बसायला लागलो. सरांना विचारून. गोष्टीचे धडे बाजूला ठेवले. औषधाच्या खोक्यातला कागद, थर्मामीटरबरोबर येणारी सूचना, एका नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक, हे आम्ही वाचायचो. प्रत्येक शब्द आधी मराठीत, मग इंग्रजीत. 'स्वेलिंग' म्हणजे सूज, 'नॉशिया' म्हणजे मळमळ. "मळमळ" हा शब्द मोठ्याने म्हणताना ती हसली. म्हणाली, "हा शब्द शाळेत पहिल्यांदा बोलले."

त्या दिवसांत एका जुन्या ओळखीच्या माणसाची मला सारखी आठवण यायची. आपण सगळ्यांनी अभ्यासलेले फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज. त्यांनी इथल्यांना इंग्रजी शिकवली नाही. स्वतः मराठी शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, जे १६१६ साली छापलं गेलं. बुऱ्हाणपूरशीही त्यांचं एक लांबचं नातं आहे. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी आणि त्याचे साथीदार गोव्याच्या तुरुंगात पडले होते, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला स्टीफन्सनी मदत केली. पुढे १५८४ मध्ये ते गोव्यातून निसटले आणि उत्तरेला जाताना बुऱ्हाणपूरला आले. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर थॉमस रो इथे शाहजादा परवेझला भेटला, तेव्हा त्याला फारसी येत नव्हती; दुभाष्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. या गावाने इंग्रजी आधी ऐकली ती अशी, अडखळत्या पाहुण्यांच्या तोंडून. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. इंग्रजालाही कधीकाळी राजपुऱ्याच्या आसपास तोंड उघडायची चोरी होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि गाव तर आधीपासूनच दोन भाषांत लिहिणारं. इथल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे, फारुकी राजांच्या काळातला. एका रविवारी आम्ही सगळे तो बघायला गेलो. मुलं लहानपणापासून तिथून जातयेत होती. देवनागरी अक्षरं ओळखीची, पण अर्थ लागेना. ती शेवटच्या बाकावरची मुलगी बोट न लावता, हवेतच एकेक अक्षर गिरवत होती. बाहेर आल्यावर सरांनी सगळ्यांना मावा जिलेबी खाऊ घातली.

शेवटच्या आठवड्यात माहितीपत्रकाला जोडलेला नमुना फॉर्म आम्ही भरून बघितला. एका ठिकाणी 'आउटस्टेशन कॅन्डिडेट' असं होतं. तिने विचारलं. मी म्हटलं, "बाहेरगावची उमेदवार. म्हणजे इंदूरची नसलेली."

"म्हणजे इथे तुम्ही आहात तशी?"

"तशीच."

तिने थोडा विचार केला. "मग चालेल," म्हणाली आणि चौकटीत खूण केली.

मैत्रीण जपानहून परत आली. आम्ही दोघींनी बसून हिशेब केला: आम्ही नेमकं काय शिकवलं? उच्चार फारसे सुधारले नाहीत, हे दोघींनाही मान्य. पण वर्गात आमच्यासारखी एक बाहेरची मुलगी उभी असते, तिलाही सगळं येत नसतं, तीही विचारून विचारून चालते, हे मुलांनी रोज बघितलं. कदाचित सहायकाचा उपयोग तेवढाच असतो, आणि तो कमी नाही.

त्या मुलीची बारावी यंदा आहे. सरांना या मे महिन्यात पुन्हा कोणीतरी हवंय. मंडळातलं कोणी जाणार असेल तर मला भेटा. इंग्रजी चांगली असावी, मराठी त्याहून चांगली असली तर उत्तम. आणि कोणी "ताई" किंवा "दादा" म्हणालं, तर ते हळू आवाजात म्हणालंय का, तेवढं ऐका.