पुडी स्वस्त, अंडं बंद

लठ्ठपणा कमी करायला जंक फूडवर कर लावा, असं आपले काही मित्र म्हणतात. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटांतल्या पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावलाही होता. पण एटापल्ली-भामरागडच्या टोल्यांवर मला दिसते ती पाच रुपयांची पुडी. आई पहाटे रोवणीला जाते, लेकरू पुडीवर भूक मारतं. चंद्रपूर शहरात वजन वाढवते तीही हीच पुडी.

म्हणून कर हवाच, पण पुडीवर. झालं मात्र उलटं. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पाकीटबंद फरसाणवरचा १२ वरून ५. त्याच वर्षी जानेवारीत शाळेतल्या अंड्यांचा निधी राज्याने बंद केला; हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. टोल्यावर वर्गणी कोण देणार? आणि अंड्याला नाक मुरडणारी शुद्ध-अशुद्धतेची भाषा आपल्याला नवी आहे का?

नुसता कर म्हणजे गरिबाला दंड. त्यातला प्रत्येक रुपया अंडं होऊन लेकराच्या ताटात परत आला, तरच तो न्याय. मित्रांनो, येत्या ग्रामसभेत हाच ठराव मांडा.

जय भीम!