लाज आणि इलाज

उर्दूत 'खुसिया', मराठीत 'वृषण'. दोन्ही भाषा शिकवत आलो, पण हे शब्द ना वर्गात उच्चारले, ना घरात कधी ऐकले. गेल्या वर्षी एक माजी विद्यार्थी फाईल घेऊन आला. वय 23. अंघोळ करताना एका बाजूला गाठ हाताला लागली होती, दुखत नव्हती. अम्मीला सांगता येईना, अब्बांना तर नाहीच. चार महिने तो गप्प राहिला.

हा म्हातारपणाचा आजार नव्हे. वृषणाचा कॅन्सर बहुतेक करून तरुणांनाच होतो. आधी सोनोग्राफी, मग रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. इतर गाठींसारखा इथे सहसा सुईने तुकडा काढत नाहीत; जांघेतून छेद घेऊन संपूर्ण वृषणच काढतात. "सर, मग मी मर्द राहीन का?" त्याने विचारलं. डॉक्टरांचंच म्हणणं मी सोप्या भाषेत सांगितलं : दुसरं वृषण निरोगी असेल तर बहुतेकांचा संसार नीट चालतो.

खरी निवड त्यानंतर असते. 'सेमिनोमा' आणि 'नॉन-सेमिनोमा' हे दोन मुख्य प्रकार. आजार वृषणापुरताच असेल तर अनेकांना नुसती देखरेख पुरते : ठरल्या तारखांना रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन. "इलाज न करणं हाही इलाज?" अब्बा चकित झाले. होय, पण तारीख चुकवायची नाही. दुसरा पर्याय केमोचा. सेमिनोमात कधी रेडिएशन, नॉन-सेमिनोमात कधी पोटामागच्या लसिकाग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. आजार पसरलेला असेल तर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिनच्या साधारण तीन-चार फेऱ्या. 1974 मध्ये अमेरिकेत इंडियानाला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनची जोड दिली आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. क्रिकेटपटू युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण सेमिनोमाच. 2012 मध्ये त्याने उपचार घेतले ते आइनहॉर्न यांच्याकडेच.

केमोने मूल होण्याची क्षमता घटू शकते. म्हणून वीर्य आधीच जतन करून ठेवता येतं. मौलानांना मसला विचारायचा असेल तर जरूर विचारा, पण केमो सुरू होण्याआधी.

मकतबमध्ये तहारत आणि गुसल शिकवताना शरीराबद्दल बोलायला आपण लाजत नाही. त्याच धड्यात एक वाक्य वाढवू या : न दुखणारी गाठसुद्धा डॉक्टरांना दाखवायची असते, आणि तीही लगेच.