पित्ताचं निमित्त

५ जुलै २०२४, शुक्रवार

पाळी अकरा दिवस लांबलेली. पट्टीवर दोन रेघा. यांना सांगितलं, मग आईंना. आईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच बजावलं, "तीन महिने कुठं वाच्यता नको."

८ जुलै, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी फोलिक ॲसिड लिहून दिलं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. म्हणाल्या, ही गोळी दिवस राहण्याआधीपासूनच हवी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. मी बोटांवर मोजलं. म्हणजे याच आठवड्यात! मी गप्प बसलेय तोवर आत एवढं मोठं काम उरकतही आलंय.

१७ जुलै, आषाढी

आजवर एकही एकादशी मोडली नव्हती. उपाशी पोटी मळमळ वाढते, म्हणून आज वरणभात खाल्ला. आई म्हणाल्या, "तुझा उपास मी उद्या धरते." त्यांचा हिशेब पांडुरंगाशी थेट असतो.

२४ जुलै, बुधवार

सकाळची मळमळ म्हणतात. माझी येते दुपारी, शाळेतल्या खिचडीला फोडणी पडली की. चौथीचा गणिताचा तास सोडून पळाले. "बाई, काय झालं?" पित्त झालं. मुख्याध्यापकांनी प्रेमाने खिशातली गोळी पुढे केली. कसली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. घेतली नाही, पण नाही म्हणताना दुसरं खोटं बोलावं लागलं. गुपित असं महाग पडतं.

उठण्याआधी अंथरुणातच कोरडी पोळी चावते. पाणी जेवताना नाही, मधे घोट घोट. आल्याचा तुकडा पर्समध्ये.

२ ऑगस्ट, शुक्रवार

काल दिवसभर पाणीसुद्धा ठरेना, लघवी गडद झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, असं झालं किंवा रक्त दिसलं, ओटीपोटात कळ आली, तर थांबायचं नाही. सलाईन लागलं. वर्गाचं काय, म्हणून मुख्याध्यापकांना खरं कारण कळवलं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं की!" खिचडीच्या वेळी आता मी वाचनालयात बसायचं ठरलंय. एका वाक्याचं काम होतं. त्यासाठी महिनाभर ओकत राहिले.

संध्याकाळी आशाताईंनाही सांगितलं. बारा आठवड्यांच्या आत नोंद हवी म्हणाल्या. आई काही बोलल्या नाहीत.

९ ऑगस्ट, नागपंचमी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. आई स्वतः सोबत आल्या. नाव लागलं, कार्ड मिळालं. हिमोग्लोबिन १०.४, ११ तरी हवं होतं. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून, तीही चहाबरोबर नाही. रांगेत आईंनी शेजारच्या बाईला आपणहून सांगितलं, "आमची सून. तिसरा चालू आहे."

आज घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. फोडणीचा वासच नाही. उकडलेली पुरणाची दिंडं, वर तूप. चार खाल्ली. रात्रीपर्यंत पोटात राहिली.